खांबावरची हिरवी काच

आधी ते कॅथीड्रल डोळ्यांसमोर आणा, नाहीतर पुढचं काही कळायचंच नाही.

डेट्रॉइटच्या जुन्या भागात जायचं, निम्म्या घरांना फळ्या ठोकलेल्या त्या गल्ल्या मागे टाकायच्या, आणि एका वळणावर ते एकदम अंगावर येतं. सेंट ऑडोमार. धुराने काळवंडलेला दगड, आभाळात घुसलेले दोन मनोरे, आणि वर कडेकडेने दगडी जनावरं तोंडं वासून खाली बघतायत. छपरावरचं पाणी त्यांच्या तोंडातून बाहेर पडतं म्हणे. पण कोरड्या दिवशीसुद्धा ती काहीतरी ओरडायच्या बेतात असल्यासारखी दिसतात. आश्लेषाने पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती गाडीतून उतरायचंच विसरली. इलाने बाहेरून दार उघडलं आणि म्हणाली, "कम ऑन, आश. चर्च आहे, चावणार नाही."

आता ही आश्लेषा म्हणजे साताऱ्याची. कराडला सिव्हिल केलं आणि कॅम्पसमध्ये आयटीवाल्यांनी उचललं, जसं सगळ्यांचं होतं तसं. दोन हजार चारमध्ये ती डेट्रॉइटजवळच्या नोव्हायला एका कार कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होती आणि विनयकाका-सरलाकाकूंच्या बेसमेंटमध्ये राहत होती. काका-काकू तिच्या आईच्या लांबच्या नात्यातले, कधीचे इकडे आलेले. इला त्यांची एकुलती एक, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र अर्धं इंग्लिश. पहिल्या हिवाळ्यात आश्लेषा घरच्या आठवणीने रडून रडून सुजायची, तेव्हा हीच इला खाली यायची आणि काही न बोलता तिच्या पांघरुणात शिरून टीव्ही लावायची. अमेरिकेत आश्लेषाला आपलं म्हणावं असं हे एवढंच घर होतं. एवढं लक्षात ठेवा.

इलाचं लग्न ठरलं ब्रायनशी. ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी या कॅथीड्रलमध्ये त्यांच्या पद्धतीने आणि रविवारी नोव्हायच्या हॉलमध्ये आपल्या पद्धतीने. आणि लग्नाच्या आधीच्या रविवारी ह्या दोघी सरलाकाकूंना घेऊन सजावटीचं बघायला आल्या होत्या, कारण काकूंच्या डोक्यात भरलं होतं की चर्च असलं म्हणून काय झालं, तोरण पाहिजेच.

आत पाऊल टाकलं आणि तिघींचाही आवाज आपोआप खाली गेला. दोन्ही बाजूंना खांब, पण एकसंध नाहीत, बारीक बारीक दगडी काठ्यांची जुडी बांधावी तसे. वर जात जात त्या काठ्या सुटतात, झाडाच्या फांद्यांसारख्या पसरतात आणि छताच्या मध्यावर समोरच्या खांबाच्या फांद्यांना जाऊन भिडतात. भिंती जवळजवळ नाहीतच, नुसत्या काचा. निळ्या, इतक्या निळ्या की जमिनीवर उजेड सांडला होता तो पाण्यासारखा वाटत होता. काकूंनी तर चप्पल काढायलाच घेतली.

"नो नो, मॅडम, प्लीज," म्हणत मिस्टर हॅलोरन पुढे आले. हे तिथले व्यवस्थापक, उंच, काळा झगा, पांढरी दाढी. कॅथीड्रल जणू त्यांनीच बांधलंय अशा थाटात त्यांनी सगळं दाखवलं. एवढं दगडी छत ह्या बारीक खांबांवर उभं कसं? तर ते छत सारखं बाहेर ढकलत असतं, भिंती फाकवायला बघत असतं, आणि बाहेरून दगडी कमानी हात लावून त्याला आत दाबून धरतात. फ्लाइंग बट्रेस.

"म्हणजे आपली दहीहंडी," आश्लेषा मराठीत पुटपुटली. "मधे थर चढतो आणि बाहेरच्या गोलातले लोक हात लावून टेकू देतात ना, तसं."

"आणि त्यातल्या एकाचा पाय सरकला तर?" इला हसत म्हणाली.

आश्लेषा हसली नाही, कारण नेमकं तेव्हाच बाहेरून आवाज आला. धप्प. खोल, पोटात बसणारा. थोड्या वेळाने परत, धप्प. खिडक्यांच्या काचा शिशाच्या चौकटीत किंचित कुरकुरल्या. हॅलोरन म्हणाले, शेजारी गाड्यांचा बहुमजली पार्किंग डेक होतोय, पायाचं खोदकाम चालू आहे, रविवारीसुद्धा सोडत नाहीत.

ती बाहेर जाऊन बघून आली. खड्डा केवढा तर अख्खी बिल्डिंग उलटी घालावी तेवढा, तळाशी पंपाने पाणी उपसत होते, आणि कॅथीड्रलच्या त्या बाजूच्या एका बट्रेसचा पाय खड्ड्याच्या काठापासून जेमतेम एका गाडीच्या अंतरावर. ती आत आली, त्याच बाजूचा खांब शोधला, आणि त्याच्या पायाशी काळ्या फरशीवर तिला पूड दिसली. पांढरी, पिठासारखी, ताजी. वर बघितलं तर खांबातून निघालेल्या एका दगडी काठीवर, म्हणजे फासळीवर, केसासारखी भेग, वर वर जात अंधारात गेलेली.

"ती?" हॅलोरन म्हणाले. "ती माझ्या आजीच्याही आधीची आहे."

"पण पूड आजची आहे," आश्लेषा म्हणाली.

हॅलोरन गोड हसले. नोव्हेंबरमध्ये आमचा इंजिनिअर येतोच आहे तपासणीला, म्हणाले, आणि काकूंना तोरणासाठी वरचा सज्जा दाखवायला घेऊन गेले.

भेग जुनी असली की काही वाटत नाही हो. जुन्या इमारतीला भेगा असतातच. प्रश्न एवढाच, ती झोपलेली आहे का जागी? कराडला त्यांचे सर भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवायचे, दोन्ही टोकांना प्लास्टरचा गोळा. भेग हलली की काच तडकणार, कारण काच ताणली जात नाही, वाकत नाही, सरळ तुटते. आश्लेषा तिथे उभी राहून काच कुठून आणायची याचा विचार करत होती आणि तिचा हात खांबावर होता आणि हातात आदल्या दिवशी भरलेला चुडा होता. हिरव्या बांगड्या. पुण्याहून मागवलेल्या, काकूंच्या बहिणीने, रत्नामावशींनी, सगळ्या मुलींना रांगेत बसवून भरलेल्या.

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर तोरणाचं माप घ्यायचं म्हणून ती एकटी परत गेली. हार्डवेअरच्या दुकानातून झटपट सुकणारं प्लास्टर घेतलेलं. बांगडी हातातून काढली, रुमालात धरून फोडली, आणि एक तुकडा खांबाच्या मागच्या अंगाला भेगेवर पुलासारखा बसवला. कोणाला दिसणारही नाही असा.

गुरुवारी लग्नाच्या रिहर्सलला गेली तेव्हा तो तुटलेला होता. मधोमध.

तिने काकांना गाठलं. विनयकाका कार कंपनीतले जुने इंजिनिअर, इंजिनांवर आयुष्य गेलेलं. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा वर केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, तू टेस्टर ना? बग काढणं तुझं कामच आहे. पण दगडात?"

सगळे हसले. ब्रायनचे आईवडील काही न कळताच हसले.

"काका, मी सिव्हिल केलंय."

"केलंयस गं. पण भिंत तरी बांधलीस का एखादी? बॅग लागली असेल कोणाची तरी. व्हॅक्यूम लागला असेल."

आणि तेवढ्यात सरलाकाकूंची नजर त्या हिरव्या तुकड्यावर गेली, मग आश्लेषाच्या मनगटावर गेली, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की आश्लेषाला वाटलं जमिनीने गिळावं.

"ही... ही चुड्यातली आहे?"

"काकू, मला काच हवी होती..."

"लग्नाच्या घरात हिरवी बांगडी कोणी आपल्या हाताने फोडतं का गं?" काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "मी तुला पोटच्या मुलीसारखी मानली. दुसरं काही मिळालं नाही तुला?"

आश्लेषाने कॅथीड्रलच्या ऑफिसला ईमेल केली होती, फोन केला होता. उत्तर आलं होतं की तुमच्या काळजीबद्दल आभारी आहोत. बस.

शुक्रवारी सकाळपासून पाऊस. साधा नाही, बादल्या ओतल्यासारखा. आश्लेषाच्या डोळ्यांसमोर तो खड्डा भरत होता, बट्रेसच्या पायाखालची माती सुटत होती. तिने जेवणाच्या सुट्टीत इलाला मॉलच्या पार्किंगमध्ये बोलावलं, आणि दोघी गाडीत बसून काचेवर पडणारं पाणी बघत राहिल्या.

"तुला माझं लग्न नको आहे का?" इला म्हणाली. "सरळ सांग. आय कॅन टेक इट."

"वेडी आहेस का?"

"मग काय चाललंय, आश? आई काल रडत होती. बाबा म्हणतायत तुला अटेन्शन पाहिजे. ब्रायनची आई विचारते, इज युअर कझिन ओके? सगळे गावाहून आलेत. मी आता काय सांगू, बांगडी तुटली म्हणून कॅन्सल?"

"ती खाली होती. कोणाचा धक्का लागला असेल, मान्य. वर लावते. सज्ज्याच्या कठड्यापाशी, जिथे फासळी सुटते तिथे. तिथे कोणाचा हात पोचत नाही. ती नाही तुटली तर मी आयुष्यात या विषयावर बोलणार नाही."

"आणि तुटली तर?"

गाडीच्या टपावर पाऊस वाजत होता. इलाने स्वतःच्या हाताकडे बघितलं. मेंदी, आणि कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मग तिने त्यातली एक ओढून काढली. अडकली, मेंदीचा हात लाल झाला, तरी ओढली.

"माझी घे."

"इला, नवरीची आहे ही. काकू..."

"आईला सांगायचं नाही. फोड." तिने बांगडी आश्लेषाच्या हातात कोंबली. "उद्या ती तुटलेली दिसली तर तू फक्त उभी राहा. बाकी काही करू नकोस, ओरडू नकोस. सगळे बसलेले असतील, मला दिसेल. मी बाहेर येईन. प्रॉमिस. पण नाही तुटली ना, तर तू बसून राहायचं, स्माइल करायचं, आणि माझ्या आईला सॉरी म्हणायचं."

संध्याकाळी आश्लेषा रेशमी झेंडूचं तोरण घेऊन भिंतीतल्या त्या चिंचोळ्या दगडी जिन्याने वर गेली. वरून कॅथीड्रल वेगळंच दिसतं. खालून ज्या फासळ्या फांद्यांसारख्या वाटतात त्या इथून जनावराच्या बरगड्यांसारख्या दिसतात, आणि आपण त्याच्या पोटात. दगड गार, ओलसर. तिने तोरण बांधलं, आणि हात लांब करून भेगेवर नवरीची बांगडी बसवली. हात लावला तेव्हा दगड थरथरल्यासारखा वाटला. का तिचेच हात होते कोण जाणे.

शनिवारी ऊन पडलं. स्वच्छ, धुतल्यासारखं, सगळे म्हणाले काय नशीब आहे पोरीचं. खड्ड्यात पाणी साचल्यामुळे खोदकाम बंद होतं. कॅथीड्रल गच्च भरलेलं, एका बाजूला सूट आणि टोप्या, दुसऱ्या बाजूला पैठण्या आणि नथी. आश्लेषा काकूंची जांभळी पैठणी नेसून मधल्या वाटेच्या कडेला बसली, कारण तिथून सज्ज्याचा तो कोपरा दिसत होता. काकू पुढच्या बाकावर होत्या. मागे वळून बघितलं नाही त्यांनी.

इला विनयकाकांचा हात धरून आली. पांढरा गाऊन आणि बाह्यांखालून चुडा. जाता जाता तिने आश्लेषाकडे बघितलं, फक्त डोळ्यांनी. आश्लेषाने नाही अशी मान हलवली. अजून काही नाही.

खरंच काही नव्हतं. खिडकीतून आलेला निळा-लाल उजेडाचा पट्टा हळूहळू खांबावर चढत होता. मग तो वर पोचला आणि अंधारात एक हिरवा ठिपका पेटला. एकच. स्पष्ट. अख्ख्या त्या दगडी अजस्र पोटात तेवढं एक हिरवं. लोक नवरीकडे बघत होते आणि ही त्या ठिपक्याकडे. प्रार्थना झाली. कोणीतरी वाचलं. ठिपका एकच. ब्रायनचा आवाज कापला, लोक हसले, काकूंनी डोळे पुसले. ठिपका एकच. तिला वाटायला लागलं की काका बरोबर आहेत, मी मूर्ख आहे, आता घरी जाऊन काकूंच्या पाया पडायचं. खरं सांगायचं तर तिला इतकं बरं वाटलं की रडूच यायला लागलं.

आणि मग ऑर्गन सुरू झाला.

ऑर्गनचा खालचा सूर ऐकलाय कधी? तो कानाला ऐकू येत नाही, बाकातून मांड्यांना लागतो. अख्खं कॅथीड्रल गुणगुणायला लागलं. आणि वर बघता बघता तिच्या डोळ्यांदेखत तो ठिपका दोन झाला. मधे काळी फट. एका तुकड्याचा उजेड किंचित खाली झुकला.

ती ताडकन उभी राहिली.

आणि सगळेच उभे राहिले.

तिला आधी कळेचना. पुढचे, मागचे, टोप्यावाले, पैठणीवाल्या, सगळे! गाणं होतं ना. चर्चमध्ये गाणं लागलं की उभं राहतात, हे ना तिला माहीत, ना इलाच्या लक्षात आलेलं, कारण रिहर्सलला बाक रिकामे होते. एवढ्या उभ्या माणसांत आश्लेषा म्हणजे एक उभं माणूस. पुढे इला पाठमोरी. वरून पांढरं काहीतरी भुरभुरत खाली आलं, उजेडाच्या पट्ट्यात चमकलं, छान दिसलं. एका मुलीने हात पुढे करून ते झेललंसुद्धा.

आश्लेषाने पैठणीचा घोळ मुठीत धरला आणि बाकावर चढली.

"अगं ए!" शेजारच्या बाईंनी तिचा पदर ओढला. मागून कोणीतरी इंग्लिशमध्ये श्शू केलं. गाणाऱ्यांच्या डोक्यांवर ती एकटी, जांभळ्या पैठणीत, खांबासारखी उभी. सगळं नोव्हाय बघत होतं. विनयकाका वळले, आणि त्यांच्या तोंडावर जो राग आला तो तिने कधी बघितला नव्हता. उतर, ते ओठांनी म्हणाले. आत्ताच्या आत्ता उतर. ती उतरली नाही.

इलाने मान वळवली.

तिने आश्लेषाला बघितलं. मग वर बघितलं. एक क्षण ती नुसतीच थांबली आणि आश्लेषाला वाटलं, संपलं, ही परत फिरणार, हसून पुढे चालू ठेवणार, कोण ठेवणार नाही? मग इलाने एका हाताने गाऊन उचलला, दुसऱ्या हाताने ब्रायनची बाही धरली आणि मधल्या वाटेने भराभरा दाराकडे चालायला लागली.

गाणं तुटलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

"बघताय काय?" हा आवाज सरलाकाकूंचा. आयुष्यात कधी वर न गेलेला. "नवरी बाहेर चालली ना? मग उठा! चला सगळे! बाहेर! आऊट, आऊट!"

आणि लोक निघाले. का, ते कोणालाच माहीत नव्हतं. नवरी जिकडे जाते तिकडे वऱ्हाड जातं, आपलं असो नाहीतर त्यांचं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं आणि गोंगाट. विनयकाकांनी आश्लेषाचं कोपर धरलं. "काय केलंस हे? लाज काढलीस आमची! आजच्या आज सामान उचल आणि..."

"काका, माझ्या डोळ्यांसमोर तुटली."

"बाबा, मी सांगितलं होतं तिला," इला म्हणाली. "माझी बांगडी होती."

काकूंनी ते ऐकलं. त्यांचा हात गळ्यातल्या मंगळसूत्राकडे गेला आणि तिथेच राहिला.

आत काहीच होत नव्हतं. दार सताड उघडं, आत अंधार, आणि लांबवर निळा उजेड. ऑर्गनसुद्धा थांबला, वाजवणारा घाम पुसत बाहेर आला. ब्रायनची आई घड्याळ बघायला लागली. काका म्हणाले, "पुरे झाला तमाशा. मी जातो आत, बघू कोण काय..." आणि ते पायऱ्या चढायला लागले. आश्लेषा धावत जाऊन दारात आडवी उभी राहिली, दोन्ही हात पसरून. "नाही, काका."

"बाजूला हो."

"नाही."

तेव्हा वरच्या दगडी जनावरांच्या डोक्यांवरून सगळी कबुतरं एकदम उडाली. आधी नुसता पंखांचा आवाज. मग तिच्या पाठीमागे, खोल आत, ट्रकमधून खडी रिकामी करावी तसा आवाज झाला, आणि त्यात मधेच एक जड, धप्प. गेल्या रविवारसारखा. पण हा आतला. दारातून गार वाऱ्याचा झोत आला, पीठ उधळल्यासारखा पांढरा, आणि आश्लेषाचे केस आणि तिच्या अंगावरची काकूंची पैठणी सगळी पांढरी झाली.

कोणी किंचाळलं नाही. नवलच ते.

बऱ्याच वेळाने दारात मिस्टर हॅलोरन आले. बाकांत कोणी राहिलं का ते बघायला ते आतच थांबले होते. काळ्या झग्याच्या खांद्यांवर पांढऱ्या पुडीचा थर, हातात झेंडूच्या तोरणाचा तुकडा. कोणाकडे न बघता त्यांनी दोन्ही मोठी दारं ओढून घेतली, एक, मग दुसरं, आणि दाराला पाठ लावून उभे राहिले.

आश्लेषाला बाजूला सारायला विनयकाकांनी उचललेला हात कधी खाली आला ते त्यांनाही कळलं नाही. ते पायरीवर बसले. काकू पुढे आल्या, पदराने आश्लेषाचं तोंड पुसायला लागल्या, पुसून झालं तरी पुसत राहिल्या.

इला पायऱ्यांच्या खाली उभी होती. छतावरची ती दगडी जनावरं तिच्याकडे बघत होती, तशीच तोंडं वासून, आणि त्यांच्यामागे खड्ड्याच्या बाजूची कमान जराशी, अगदी जराशी, तिरकी दिसत होती. तिचे हात थरथरत होते. बाकी कसलाच आवाज नव्हता, फक्त तिच्या चुड्याची किणकिण.